हलगी तापेपर्यंत

हलगीवाल्याला किस्से शोधत फिरावं लागत नाही. गावात चार माणसांनी भांडायचं ठरवलं की पाचवा निरोप आम्हाला येतो. मोर्चा निघू दे, उपोषण सुटू दे, कुणी निवडून येऊ दे नाहीतर पडू दे, हलगी पाहिजेच. वीस-पंचवीस वर्षं असं वाजवत हिंडलं की किस्से आपोआप साठत जातात. मी शिरोलीच्या फौंड्रीत कामाला होतो. डबा खाताना मी एक सांगायला घेतला की बाकीच्यांचे घास हातातच राहायचे. आता रिटायर झालोय, डबाही नाही आणि ते ऐकणारेही नाहीत, म्हणून तुम्हाला धरलंय. चहा सांगा आधी.

आमचं गाव गडमुडशिंगीच्या पुढं, कोल्हापूरपासून सायकलच्या अंतरावर. आमचा ताफा तिघांचा. हलगीवर रामू आण्णा, घुमक्यावर साताप्पा आणि पितळी कैताळ, म्हणजे मोठी झांज, वाजवायला मी. घुमकं म्हणजे गळ्यात अडकवायचा ढोल. हलगी तडतडते आणि घुमकं तिला खालनं धरून ठेवतं. एकट्या हलगीत दम नाही आणि एकट्या घुमक्याला कुणी विचारत नाही. आण्णा आणि साताप्पाचं तसंच होतं.

आता एक गोष्ट नीट ऐका, पुढं लागणार आहे. हलगी म्हणजे कड्यावर ताणलेलं कातडं. गार असलं की ते भद्द वाजतं. म्हणून वाजवायच्या आधी जाळ करायचा आणि हलगी त्याच्यावर शेकायची. शेकायचं काम आण्णाचं. ती तापली का नाही हे ठरवायचं काम साताप्पाचं. तो मधल्या बोटानं एक टिचकी मारायचा, डोळे मिटून कान द्यायचा आणि दोनातलं एकच बोलायचा. "अजून शेक", नाहीतर "झालं". साताप्पा "झालं" म्हणाल्याशिवाय आण्णानं कधी काडी उचलली नाही. समोर मंत्री उभा असला तरी नाही.

* * *

नव्वद सालानंतरची गोष्ट. कोल्हापुरात वातावरण तंग झालेलं. कशावरनं ते आता आठवत नाही. पेठेतल्या एका तालमीची गणपतीची मिरवणूक होती, दुपारची. चौकाचौकात पोलीस. आम्ही एका बोळाच्या तोंडाला बसलो, रद्दी पेटवली आणि हलगी शेकायला लागलो. बोळातनं धूर निघाला तशी पोलिसांची गाडी दणक्यात येऊन थांबली. फौजदार नवीन होता, लांबच्या जिल्ह्यातला.

"काय जाळताय रे?"

"काय न्हाय सायेब, हलगी शेकतोय," आण्णा म्हणाला.

"विझवा ते. शहरात परिस्थिती काय आहे, कळतंय का?"

एवढ्यात साताप्पानं बोट पुढं केलं, टिचकी मारली, डोळे मिटले आणि म्हणाला, "अजून शेक."

"मी विझवा म्हणतोय!"

"सायेब," साताप्पा शांतपणे म्हणाला, "आत्ता इझवली तर हलगी भद्द वाजंल. भद्द वाजली की तालमीतली पैलवान मंडळी खवळणार. मग परस्थिती आमची न्हाय, तुमची बिघडंल."

फौजदारानं तालमीकडं बघितलं. दारात आठ-दहा पैलवान मांड्या थोपटत उभे होते. त्यानं एका हवालदाराला आमच्या जाळावर पहाऱ्याला बसवलं. रद्दी संपत आली तेव्हा त्याच हवालदारानं गाडीतले जुने पेपर आणून दिले. थोड्या वेळानं फौजदार परत आला आणि खालच्या आवाजात विचारलं, "झालं का?"

"झालं की मीच सांगतो," साताप्पा म्हणाला. "तुमी जरा सावलीला थांबा."

आणि तो थांबला की हो.

* * *

त्याच्या दुसऱ्या वर्षी पोलिसांनी नवीनच काढलं. मिरवणुकीत काय वाजवणार ते आधी लेखी द्यायचं. आक्षेपार्ह गाणी नकोत म्हणून. कर्णेवाल्यांनी कॅसेटची नावं दिली, बँडवाल्यांनी गाण्यांची यादी दिली. आमचा नंबर आला.

"कुठली गाणी?" टेबलावरच्या हवालदारानं विचारलं.

"गाणी न्हाईत. निस्ती हलगी."

"मग हलगीत काय वाजवणार ते सांगा. रकाना मोकळा ठेवता येत नाही."

आण्णा माझ्याकडं बघायला लागला. मी साताप्पाकडं. साताप्पानं घसा खाकरला आणि सांगायला सुरुवात केली, "ल्ह्या. तड तड तडाम, तडाम, तडतड तडाम."

हवालदार इमानदार माणूस. अर्धा तास लिहीत होता. दोन पानं भरली. मधेच थांबून विचारलं, "हे तडाम एकदा का दोनदा?"

"दोनदा," साताप्पा म्हणाला. "पर दुसरं जरा दबकं."

हवालदारानं कंसात 'दबकं' लिहिलं. साहेबानं खाली सही केली, शिक्का मारला. तो कागद साताप्पानं घडी घालून देवाच्या फोटोमागं ठेवला. सरकारनं मंजूर केलेली हलगी आहे आपली, असं तो पुढं पावण्यारावळ्यांना सांगायचा.

* * *

आमच्या गावात गट दोन. वरच्या गटाचे आबा आणि खालच्या गटाचे तात्या. दोघांची शेतं लागून, म्हशी एकाच पाणवठ्यावर. पण निवडणूक आली की आबांच्या माणसानं तात्यांच्या माणसाकडं बिडी पेटवायलाही जायचं नाही. दोघंही हलगीला आण्णालाच बोलवायचे. आण्णाचा नियम साधा. ज्याची सुपारी आधी येईल त्याची हलगी. गटबिट काही नाही.

एकदा साखर कारखान्याची निवडणूक होती. आबा उभे होते आणि सुपारी त्यांची होती. प्रचाराला निघायची वेळ झाली, जाळ करायला कागद नाही. आण्णानं इकडंतिकडं बघितलं. ओट्यावर नव्या छापील पत्रकांचे दोन गठ्ठे होते. आण्णाला अक्षरओळख नव्हती आणि शेकायच्या वेळी त्याचं लक्ष हलगीशिवाय कुठं नसायचं. त्यानं गठ्ठा सोडला आणि पेटवला.

मी वळून बघतो तो काय, जाळात आबा हात जोडून हसतायत. एका पत्रकावरनं दुसऱ्या पत्रकावर. नमस्कार करत करत जळतायत. आणि नेमके खरे आबा जीपमधनं उतरले.

सगळ्यांचे चेहरे उतरले. आबांचा पुतण्या तर आण्णाच्या अंगावर धावला. मला वाटलं, आज आपल्याला मार बसतोय. आण्णानं हलगी तशीच जाळावर धरलेली. त्यानं वर बघितलं आणि म्हणाला, "आबा, तुमचा कागद लई झ्याक हाय. एकसारका जाळ हुतोय. तात्यांच्या कागदाचा निस्ता धूर."

आबांनी जाळाकडं बघितलं. मग पुतण्याला म्हणाले, "त्येला आनि एक गठ्ठा दे."

ही गोष्ट तात्यांच्या कानावर गेली. पुढच्या निवडणुकीत तात्यांनी जाड कागदाची पत्रकं छापली.

* * *

गडहिंग्लजच्या पुढं, सीमेला लागून एक गाव. तिथल्या लिंगायत व्यापाऱ्याच्या घरी लग्न होतं. नवरा मुलगा इकडचा, नवरी तिकडची. घरात निम्मं मराठी, निम्मं कानडी. मुलाची आई, सगळे तिला अव्वा म्हणायचे, आम्हाला मराठीत चहा विचारायची आणि त्याच दमात मुलाला कानडीत रागवायची.

नेमकं त्याच आठवड्यात सीमेवरनं रान पेटलं. पाट्यांना काळं फासलं, एसट्या बंद झाल्या. नवरीकडचं वऱ्हाड नाक्यावर उतरून चालत निघालं. त्यांच्या पुढं त्यांची हलगी. आम्ही त्यांना सामोरे निघालो, आमची हलगी घेऊन, मागं अव्वा ओवाळायला. फाट्यावर जाळ करून हलगी शेकली, तोवर आमच्या बाजूच्या पोरांनी आम्हाला अडवलं.

"मराठी वाजवणार का कानडी?"

आण्णा म्हणाला, "मी वाजीवतो, तुमी नाचा. पाय कुठल्या भाषेत पडत्यात ते तुमीच सांगा."

तिकडच्या पोरांनी तिकडच्या हलगीवाल्याला तेच विचारलं असणार, कारण तोही वैतागलेला दिसत होता. म्हातारा माणूस, धोतर, डोक्याला मुंडासं. दोन्हीकडची पोरं समोरासमोर उभी राहिली. काहींनी दगडही उचलून घेतलेले. कुणीतरी पहिला शब्द काढायची वाट होती.

साताप्पा घुमकं सांभाळत मधल्या मोकळ्या जागेतनं सरळ पलीकडं गेला. त्यानं त्या म्हाताऱ्याच्या हलगीला टिचकी मारली, डोळे मिटले आणि म्हणाला, "अजून शेक."

म्हाताऱ्याला मराठी येत नव्हतं. पण त्यानं मान डोलवली. मग तो आमच्याकडं आला, आण्णाच्या हलगीवर बोट मारलं, कान दिला आणि म्हणाला, "साकु."

"काय म्हणाला?" साताप्पानं अव्वाला विचारलं.

"पुरे म्हणतोय. तापलीया म्हणतोय."

"मग मानूस कळता हाय," साताप्पा म्हणाला.

त्यांची हलगी आमच्या जाळावर शेकली. दोन्ही ताफे एकदम उठले. दोन घुमकी एकत्र घुमली तेव्हा माझ्या अंगावर काटा आला, खरं सांगतो. दगड हातातले कधी गळले ते त्या पोरांनाही कळलं नसेल. तासाभरानं दोन्हीकडची पोरं घामाघूम होऊन मांडवात नाचत होती. अव्वा दारात उभी राहून मोजत होती. मला म्हणाली, "भांडायला आलती न्हवं ही? आता ह्यास्नी जेवायलाबी वाढायचं का?"

वाढलं. दोन पंगती जास्त झाल्या.

* * *

आता जरा गंभीर सांगतो. हसून झालं असेल तर चहा प्या.

हलगी आमच्या समाजाकडं पिढ्यान्‌पिढ्या. गावच्या जत्रेत पालखीपुढं वाजवायचं हे आमचं काम ठरलेलं. सुपारी द्यायची रीतही ठरलेली. वरनं टाकायची. हाताला हात लागायला नको. माझ्या आज्जानं ओंजळ धरली, बापानं धरली, आम्हीही धरली. एका वर्षी जत्रेच्या बैठकीत चावडीवर साताप्पा उठून उभा राहिला.

"औंदा सुपारी हातात द्यायची," तो म्हणाला. "ताटात पान ठेवून, नारळ ठेवून, हातात. न्हायतर हलगी न्हाय."

आण्णा त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिला. मग मी.

माझ्या उभ्या आयुष्यात आबा आणि तात्या एकदाच एकत्र आले, ते त्या दिवशी, आमच्या विरोधात. रीत मोडायची नाही म्हणाले. हलगीवाचून काय अडत नाही, कर्णा लावू.

जत्रेच्या दिवशी पालखी उठली. कर्ण्यावर कॅसेट लागली. देवळापासून वीस पावलं गेली नसेल तोवर लाईट गेली. पालखी थांबली. वाजपाशिवाय पालखी पुढं न्यायची नाही, हीसुद्धा गावची रीतच. खांद्यावर पालखी घेऊन माणसं उन्हात उभी. पंधरा मिनिटं झाली, अर्धा तास झाला. आम्ही तिघं आमच्या गल्लीच्या तोंडाला बसून होतो. जाळ केलेला, हलगी तापवून तयार. साताप्पानं "झालं" म्हणून सांगितलेलंही होतं. फक्त बसून होतो.

शेवटी तात्या आले. हातात ताट, ताटात नारळ आणि पानसुपारी. मागं आबा, तोंड पाडून. तात्यांनी ताट पुढं केलं. आण्णा हात पुढं करणार तेवढ्यात साताप्पानं त्याला थांबवलं. ताटातलं पान उचललं, उन्हात धरून बघितलं.

"पान वाळलंय," तो म्हणाला. "ताजं आना."

मला वाटलं, आता संपलं सगळं. आबा लालबुंद झाले. पालखीखालनं कुणीतरी कळवळून ओरडलं, "आना की ओ लवकर, खांदं मोडलं!" तात्यांनी माणूस पिटाळला, पानमळ्यातनं ताजं पान आलं. तात्यांनी ते आण्णाच्या हातात दिलं. हातावर हात टेकला. त्या दिवशी आम्ही जे वाजवलं ते पुन्हा कधी जमलं नाही. माझा बाप देवळाच्या कट्ट्याला टेकून रडत होता आणि लाजतही नव्हता.

* * *

तीच सुपारी पुढं आडवी आली.

दोन हजार साल उलटून गेलेलं. गावच्या सेवा सोसायटीची निवडणूक लागली आणि साताप्पाचा धाकटा भाऊ महादू तात्यांच्या पॅनेलमधनं उभा राहिला. आमच्या गल्लीतला माणूस पहिल्यांदाच पॅनेलवर. साताप्पा हरखलेला. पण आबांची सुपारी आण्णाकडं आठ दिवस आधीच आलेली.

मी तिथंच होतो. साताप्पा म्हणाला, "आण्णा, सुपारी परत कर."

"परत करायची रीत न्हाय, साता."

"माझा भाऊ उभा हाय."

"ठाव हाय. तात्याची आदी आली आस्ती तर तात्याची वाजीवली आस्ती."

"म्हंजे महादूच्या इरोधात वाजीवणार तू?"

"सुपारी हातात घ्यायची कुनी शिकीवली?" आण्णा म्हणाला. "तूच की. हातात घेतलेली मी आता कशी टाकू?"

साताप्पानं गळ्यातलं घुमकं काढलं. "मग वाजीव एकट्यानं," म्हणाला आणि घरी जाऊन घुमकं खुंटीला अडकवलं.

दोघंही बरोबर होते, हेच तर वाईट. चुकीचा एक असता तर त्याला समजावता आलं असतं. महादू पडला. आणि तीन वर्षं, तीन वर्षं म्हणतोय मी, साताप्पा आण्णाशी एक शब्द बोलला नाही. दोघं संध्याकाळी एकाच पारावर बसायचे, मधे मी.

आण्णा म्हणायचा, "त्येला सांग, त्येची म्हस माझ्या शेंगात शिरलीया."

साताप्पा हातभर अंतरावर. तो मला म्हणायचा, "त्येला सांग, बांदली."

मी दोघांच्या मधे बसून पोस्टमनचं काम करायचो. वर दोघंही मलाच रागवायचे.

* * *

घुमक्यावर आण्णानं सासरवाडीचा एक पावणा आणला, नृसिंहवाडीकडचा. वाजवायचा बरा. पण पहिल्याच टिचकीला म्हणायचा, "झालं."

"ह्येचं सगळं लगीच हुतंय," आण्णा कुरकुरायचा. त्याला त्या "झालं"वर भरवसाच वाटेना. पावणा झालं म्हणाला की आण्णा आणखी थोडी शेकायचा. मग आणखी थोडी.

एकदा आबांचा सत्कार होता. मुंबईहून मोठे पुढारी आलेले. त्या वेळी पेपरात सारख्या घातपाताच्या बातम्या, म्हणून बरोबर बंदूकवाले. आम्ही स्टेजच्या पायथ्याशी. आण्णानं हलगी इतकी शेकलेली की कातडं करपल्याचा वास येत होता. पुढारी माइकसमोर आले, आण्णानं पहिली काडी मारली आणि धाडकन आवाज करून हलगी मधोमध फुटली.

बंदूकवाल्यांनी पुढाऱ्यांना टेबलाखाली दाबलं. आबा त्यांच्या आधीच टेबलाखाली. मांडव निम्मा रिकामा झाला. धूळ बसल्यावर एक बंदूकवाला आण्णासमोर आला आणि म्हणाला, "काय होतं ते?"

आण्णा फुटक्या हलगीकडं बघत होता. म्हणाला, "बाँब न्हाय, सायेब. आमचा कान आमच्याजवळ न्हाय, म्हनून फुटली."

बंदूकवाल्याला काही कळलं नाही. मला कळलं.

आणखी एक सांगतो, हे मी तेव्हा कुणाला बोललो नाही. आण्णा गल्लीच्या तोंडाला हलगी शेकायला बसला की साताप्पा आपल्या उंबऱ्यावर येऊन बसायचा. तोंड दुसरीकडं. आण्णा हलगीवर काडी टेकवून बघायचा आणि इकडं साताप्पाचं बोट चौकटीवर पडायचं. ओठ हलायचे. मी अगदी जवळनं बघितलंय. "अजून शेक," म्हणायचा. ऐकायला कुणी नसायचं.

* * *

मग ग्रामपंचायत आली. महादू परत उभा, तात्यांकडनं. सुपारी परत आबांची आधी. आणि महादू परत पडला, थोडक्यात.

मतमोजणी होऊन दुपारी आबांच्या गटाची मिरवणूक गावात शिरली. गुलालानं रस्ता लाल. पुढं आण्णा, मी आणि तो पावणा. आमच्याकडं एक घाणेरडी पद्धत आहे. पडलेल्या उमेदवाराच्या दारात मिरवणूक थांबवायची आणि तिथं हलगी कडकडवायची. शेजारच्या गावात आदल्याच साली असं दारात वाजवल्यावर दगड आले, तिघांची डोकी फुटली, एकाचा डोळा गेला. हे सगळ्यांना माहीत होतं. तरी मिरवणूक वळली ती आमच्याच गल्लीत. महादू आणि साताप्पाचं घर एकच, दारही एकच.

पोलीस दोन, तेही मागं. साताप्पाच्या दाराआड तात्यांची माणसं दाटीवाटीनं उभी, काठ्या घेऊन. मला फटीतनं दिसत होत्या. साताप्पा एकटा उंबऱ्यावर बसलेला, खाली मान घालून. त्याची बायको शेवंता वैनी अंगणातल्या चुलवणापाशी उभी. अंघोळीच्या पाण्याखाली पाचट जळत होतं.

"वाजीव, आण्णा," आबांचा पुतण्या ओरडला. "दनकून वाजीव!"

आण्णानं सुपारी घेतलेली होती. ती टाकता येत नव्हती. आणि त्या दारात हलगी वाजवली की आतल्या काठ्या बाहेर येणार होत्या.

"पानी द्या रं कुनीतरी," म्हणत आण्णानं एकाच्या हातातला पाण्याचा तांब्या घेतला. दोन घोट प्यायला. बाकीचं पाणी हलगीवर सांडलं. कसं सांडलं मला विचारू नका. त्यानं काडी मारून दाखवली. भद्द.

"भिजली," आण्णा म्हणाला. "शेकल्याबिगर वाजायची न्हाय."

"शेक की मग!"

आण्णा तीन वर्षांनी त्या अंगणात शिरला. "वैनी, जाळ घिऊ का?"

वैनींनी पाचटाची पेंढी पुढं सरकवली. आण्णा चुलवणापाशी बसला आणि हलगी जाळावर हातभर उंच धरून शेकायला लागला. मिरवणूक दारात उभी. थोड्या वेळानं आण्णा उठला, उंबऱ्यापाशी गेला आणि हलगी साताप्पासमोर धरली. नुसती धरली.

साताप्पानं मान वर केली नाही. सगळी गल्ली बघत होती. मग त्याचं बोट उठलं. टिचकी मारली. डोळे मिटले.

"अजून शेक," तो म्हणाला.

तीन वर्षांतला पहिला शब्द. आण्णा जाऊन परत जाळापाशी बसला. परत आला. परत टिचकी.

"अजून शेक."

आता मी काही साताप्पा नाही, पण पंचवीस वर्षं कैताळ वाजवलंय. दुसऱ्या टिचकीलाच हलगी खणखणत होती. आण्णालाही ऐकू आलं असणार. तो मुकाट्यानं परत जाळापाशी गेला.

"अजून शेक."

ऊन रणरणत होतं. गुलाल घामानं डोळ्यांत उतरत होता. आबांच्या वाड्यावर मटण शिजलेलं, त्याचा वास गल्लीपर्यंत येत होता. मागची माणसं एकेक करून सटकायला लागली. पावण्यानं घुमकं भिंतीला टेकवलं आणि तोही वासाच्या दिशेनं गेला. "आता व्हायचं तवा हूं दे," म्हणत आबांचा पुतण्या गेला.

"अजून शेक."

"पाचट सरलं," वैनी म्हणाल्या.

दार उघडलं. तात्यांचा एक माणूस बाहेर आला, त्यानं आण्णाकडं बघितलं, साताप्पाकडं बघितलं आणि हातातली काठी मोडून जाळात घातली. त्याच्यामागं दुसरा आला. चांगला जाळ झाला.

शेवटी गल्लीत कुणी उरलं नाही. पोलीससुद्धा चहाला गेले. आण्णानं हलगी पुढं धरली. साताप्पानं टिचकी मारली, डोळे मिटले, बराच वेळ कान दिला.

"झालं," तो म्हणाला, आणि खुंटीवरचं घुमकं काढायला आत गेला.